आबाजींच्या पेटीतली नाणी : धुण्याआधी, वाटण्याआधी, विकण्याआधी

तेरवी आटोपली की घरात दोन विषय निघतात, सातबारा आणि पेटी. सातबाऱ्याला तलाठी आहे, फेरफार आहे, रीत ठरलेली आहे. पेटीला काहीच रीत नाही. कापडाच्या कशात बांधलेले राणीछाप रुपये, सुतळीत ओवलेले भोकाचे पैसे, देवघरातली कुंकवानं लाल झालेली चवली, तळाशी हिरवट पडलेले तांब्याचे तुकडे. मग एक भाऊ म्हणतो, "यूट्यूबवर पाहिलं, एकेक लाखाचं आहे." दुसरा म्हणतो, "सोनाराकडे नेऊन टाका, चिल्लर आहे." दोघंही सहसा चुकतात. अशा पेटीत बहुतेक नाणी धातूच्या किमतीची किंवा तिच्याहून थोडी वरची असतात, आणि मधूनच एखाद-दुसरं असं निघतं की ज्याच्यासाठी आठवडाभर थांबणं वसूल होतं. ते एखाद-दुसरं घाईत वितळू नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

पहिले वही, मग नाणी

पेटी सतरंजीवर उलटी करू नका. जे ज्या पुरचुंडीत, ज्या डब्यात आहे, ते तसंच राहू द्या आणि प्रत्येक पुरचुंडीला नंबर द्या. शंभर पानी वही घ्या. कुठं सापडलं (देवघर, लोखंडी पेटी, फडताळ, धान्याची कोठी), कशात बांधलं होतं, सोबत काय होतं, हे सगळं लिहा. सोबतचा कागद, पावती, कापडावरची गाठ, काहीच फेकू नका.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. आजी असेल तर आजी, नाहीतर आत्या. पुरुषांना रुपये किती होते ते आठवतं, बायांना ते कुठून आले ते आठवतं. कोणते लग्नात आले, कोणते कापसाच्या पट्टीचे, कोणते बाळंतविड्यातले. त्या सांगतील तसं लिहून घ्या, खरं-खोटं नंतर पाहता येतं.

उघडताना भाऊ-बहिणी सगळे हजर असावेत, निदान व्हिडिओ कॉलवर तरी. बहिणींचाही वाटा असतो, ही गोष्ट नाण्यांच्या वेळी सोयीस्कर विसरली जाते. मोजणी झाली की पानाखाली सगळ्यांच्या सह्या. पुढचं निम्मं भांडण इथंच मिटतं.

भिंतीत किंवा वावरात सापडलं असेल तर

हा मुद्दा वेगळा आहे आणि टाळू नका. पेटीतलं ते वारशाचं. पण जुना वाडा पाडताना मातीच्या भिंतीतून गाडगं निघालं, किंवा नांगराच्या फाळाला हंडी लागली, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कोणत्याही गोष्टीत दडलेली मौल्यवान वस्तू या कायद्यात येते. म्हणजे घराची भिंतही आली. मर्यादा आजही दहा रुपयांचीच आहे, म्हणून गाडगं कितीही लहान असो, जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, किती, कुठं, कोणत्या तारखेला. कळवलं नाही तर सापडवणाऱ्याचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

"सरकार घेऊन जाते, आपल्याले काय भेटते?" हे मी गावोगावी ऐकतो. सरकारला तो निधी ठेवून घ्यायचा असेल, तर कायद्याप्रमाणे धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. आणि कळवल्यानं काय होतं याचं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. १९३९ साली मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. नागपूरचे इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला, आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या काही राजांची नावं त्यातून पुढे आली. तीच नाणी कासाराच्या मुशीत गेली असती तर ती नावंही गेली असती.

धुऊ नका

चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला रुपये चिंचेनं घासून चकचकीत करायची आपली सवय, आणि तिथंच नाण्याची निम्मी किंमत नालीत जाते. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला करडा-काळा थर हा मळ नाही. तो संग्राहकाला हवा असतो, कारण खाली मूळ पृष्ठभाग शाबूत असल्याची ती खूण आहे. घासलेल्या नाण्यावर भिंगातून पाहिलं तर एकाच दिशेनं ओढलेले बारीक ओरखडे दिसतात. जाणकार ते पहिल्या नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो.

कुंकू किंवा माती चिकटली असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा, मऊ सुती कापडानं टिपा. टिपा म्हणतो, पुसा म्हणत नाही. नाणं नेहमी कडेनं धरा. तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असाच राहू द्या. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर तो गंज आहे आणि तो पसरतो. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा. पाण्यात ते मात्र टाकू नका.

ढीग पाडणं

ओसरीवर, दिवसाच्या उजेडात, जुनं सुती धोतर अंथरून बसा. फारसं ज्ञान नसतानाही डोळ्यांनी एवढे ढीग पडतात : राजा किंवा राणीचं तोंड असलेली, सिंहाची (म्हणजे १५ ऑगस्ट १९५० नंतरची), फारसी अक्षरांची, देवनागरी अक्षरांची जाड तांब्याची, कडी लावलेली किंवा भोक पाडलेली, आणि "हे काय आहे?" अशी.

सिंहाचा ढीग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, नाण्यांवर 'नया पैसा' आला, आणि १९६४ मध्ये 'नया' गेला. षटकोनी तीन पैसे, काठाला नागमोडी दहा पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे, हे सगळं घरोघरी आहे. त्या वीस पैशांत सोनं असल्याची अफवा तुमच्याही गावात फिरली असेल. त्यात सोनं नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. या ढिगातून १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं तेवढं बाजूला काढा. ते पंधरा ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं आहे. १९७० चं दहा रुपयांचंही तसंच. १९७२ च्या दहा रुपयांत चांदी निम्मी.

राजा-राणीचे रुपये

खरा वेळ इथं द्यायचा. इंग्रजी कलदार रुपया १८३५ पासून १९३९ पर्यंत एकाच मापाचा. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. अधेली बरोबर निम्मी, पावली त्याच्या निम्मी. हे वजन म्हणजेच जुना तोळा. आपल्याकडे सोनं-चांदी 'रुपयाभार' तोलायचे ते याच हिशेबानं.

मग राज्यकर्ते लावून घ्या. १८३५ चा चौथा विल्यम क्वचित निघतो. १८४० ची राणी दोन प्रकारची असते. एकात 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग जातात, दुसऱ्यात ती चेहऱ्याच्या दोन बाजूंना वाटलेली असतात. १८६२ ची मुकुटवाली राणी आपल्या भागात बरीच निघते. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी होती, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातले काही रुपये अजून आपल्या पेट्यांत असतील तर नवल नाही. पण एक ध्यानात ठेवा, १८६२ साल घातलेले रुपये पुढं १८७४ पर्यंत पाडत राहिले. साल तेच, फक्त मागच्या बाजूला बारीक ठिपक्यांची संख्या आणि जागा बदलत गेली. म्हणून १८६२ चे रुपये एकाच ढिगात टाकून मोकळे होऊ नका, भिंग घेऊन ठिपके मोजा आणि वहीत लिहा. १८७७ पासून राणीची 'एम्प्रेस' झाली. १९०३ ते १९१० उघड्या डोक्याचा सातवा एडवर्ड, १९११ ते १९२२ मुकुट आणि झग्यातला पंचम जॉर्ज.

पंचम जॉर्जच्या रुपयांत १९११ चा निघाला तर तो लगेच वेगळा ठेवा. राजाच्या झग्यावर गळ्यातल्या पदकाचा हत्ती कोरलेला आहे. १९११ च्या छापात त्याची सोंड आणि पाय इतके आखूड आले की तो डुकरासारखा दिसतो. लोक चिडले, सरकारनं पुष्कळ रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. जो उरला त्याला संग्राहकांत 'पिग रुपी' म्हणतात. भिंग छातीच्या उजव्या-डाव्या बाजूला झग्यावर फिरवा, हत्ती सापडेल. झीज असेल तर मात्र डुक्कर काय आणि हत्ती काय, दोन्ही सपाट.

सहाव्या जॉर्जला येताना फसगत होते. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी फक्त ५० टक्के, बाकी तांबं, निकेल, जस्त. काठ पाहा : कंगोऱ्यांच्या मधोमध एक चर फिरवलेली दिसेल. जुन्या रुपयांना ती नाही. आणि १९४७ चा, मागं वाघ असलेला रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा आहे, चुंबकाला टपकन चिकटतो. त्याला चांदी समजून जपलेली घरं पुष्कळ आहेत. १९३९ साल दिसलं तर आनंद आवरा. ते दुर्मीळ आहे, म्हणूनच खाडाखोड करून सर्वात जास्त बनवलं जातं ते हेच साल. शेवटचा आकडा भिंगातून पाहा, इतर आकड्यांपेक्षा तो उथळ, वाकडा किंवा भोवती खरवडलेला वाटला की समजून जा.

तांब्याच्या ढब्बू पैशांना, १९४३ पासूनच्या भोकाच्या पैशांना, निकेलच्या आण्यांना वेळ घालवू नका. साल लिहा, साधारण स्थिती लिहा, पुढं चला.

वजन आणि पाण्याची परीक्षा

रुपया दगडावर आपटून वाजवून पाहायची जुनी पद्धत आहे. नाद खरा सांगतो, पण काठ ठेचतो. बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकं टिचका, तेवढा खणखणीत नाद पुरतो.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्या. हातोहात झिजलेला रुपया ११.३ ते ११.६ ग्रॅममध्ये बसतो. त्याहून फारच कमी किंवा ११.६६ च्या बराच वर गेला तर शंका घ्या. मग पाण्याची परीक्षा. काट्यावर अर्धी भरलेली प्लॅस्टिकची वाटी ठेवून आकडा शून्य करा. शिवणाच्या दोऱ्याचा फास करून रुपया त्यात अडकवा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला टेकणार नाही असा हातानं स्थिर धरा. नाण्याला बुडबुडे चिकटलेले नकोत. आता काट्यावर जो आकडा येतो त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टक्क्यांच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास थांबतो, भागाकार साधारण १०.३ येतो. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीला तो ९.५ च्या जवळ. जर्मन सिल्व्हरचा (नाव तसं, पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचा) नकली असेल तर काटा १.३५ च्या घरात जातो आणि भागाकार साडेआठ-पावणेनऊला अडतो. ही परीक्षा फक्त घट्ट चांदीच्या नाण्यांसाठी आहे.

फारसी आणि देवनागरी

फारसी अक्षर दिसलं की "निजामाचं" म्हणून मोकळे होतात. तसं नसतं. नागपूरकर भोसल्यांचे रुपयेसुद्धा मोगल बादशहाच्या नावानं फारसीतच पडायचे. जाड, ओबडधोबड गोल, छाप नाण्यापेक्षा मोठी म्हणून अर्धी अक्षरं काठाबाहेर गेलेली. वऱ्हाडात एलिचपूरची, म्हणजे आपल्या अचलपूरची टांकसाळ होती. काठावर किंवा मधोमध बारीक ठोके दिसले तर ते सराफांनी चांदी तपासताना मारलेले. त्यानं भाव कमी होतो, नाणं खोटं ठरत नाही.

चारमिनार असेल तर तो हैदराबादचा हाली सिक्का. चारमिनारच्या कमानीत एक फारसी अक्षर असतं, मीम असेल तर महबूब अली खानच्या काळचा, ऐन असेल तर उस्मान अलीच्या. साल हिजरी असतं. त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा. १३२१ चं येतं १९०३. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला तरी मराठवाड्याच्या सीमेवरच्या गावांत, बुलढाणा-वाशिम-यवतमाळकडं, हे रुपये पेट्यांत निघतात.

जाड तांब्याच्या तुकड्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं लागली तर ती शिवराई. ती शिवाजी महाराजांच्या हयातीतलीच असं धरून चालू नका, त्यांच्या नंतरही फार काळ ती पडत राहिली. 'छत्रपति'च्या बाजूला दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी सर्वात जास्त सापडते. वाचायला दुपारी तीन-चारची तिरपी उन्हं घ्या, सावलीत अक्षर उठून दिसतं. सोन्याचा शिवकालीन होन घरात निघाला असं कोणी सांगितलं तर आधी नकली समजा.

नकलीत अजून एक घरोघरी असतं : ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८, १७१७ किंवा १६१६ साल, आणि मागं राम दरबार किंवा मारुती. कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही. ते देवळाचं टोकन समजून देवघरात ठेवा, बाजारात नेऊ नका.

माळेतले रुपये

झाळ देऊन कडी लावलेला किंवा भोक पाडलेला रुपया संग्राहकाच्या हिशेबात धातूचाच. कडी काढायला सोनाराला सांगू नका, डाग उरतोच. पण अख्खी माळ, जुन्या गोफासकट शाबूत असेल तर ती तोडून रुपये मोजू नका. माळ म्हणून ती वेगळी वस्तू आहे. सोन्याच्या पुतळ्या असतील तर त्यांतली काही व्हेनिसची जुनी नाणी असतात, बऱ्याच सोनारांनी त्यांवरून पाडलेल्या. गिनी ७.९९ ग्रॅमची, २२ कॅरेट.

किंमत विचारायला कुठं जायचं

सोनाराकडे जाण्याआधी ९१.७ टक्क्यांचे आणि ५० टक्क्यांचे रुपये वेगळ्या पिशव्यांत भरा, नाहीतर सगळे "मिक्स चांदी" म्हणून खालच्या भावात जातात. दुसरं म्हणजे आताचा तोळा दहा ग्रॅमचा आहे. "पन्नास रुपये म्हणजे पन्नास तोळे" असं धरलं तर पाचशे ग्रॅमचे पैसे मिळतील. झीज धरूनही त्यांचं वजन पावणेसहाशेच्या घरात असतं. वजन ग्रॅममध्येच करून घ्या, तुमच्या डोळ्यांसमोर.

वितळायच्या भावाच्या वर काय आहे ते पाहायला न्युमिस्टासारख्या साइटवर नाण्याचं वजन, धातू, प्रकार जुळवा. मग प्रत्येक निवडक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून दोन-तीन नाणेविक्रेत्यांकडे आणि लिलावगृहांकडे पाठवा. एकाच माणसाच्या भावावर विकू नका. राणीच्या कानावरचे केस, जॉर्जच्या मुकुटाची नक्षी, ही आधी झिजतात. ती स्पष्ट असतील तर तोच रुपया धातूच्या कितीतरी वर जातो. इतिहासाच्या बाजूनं विचारायचं तर नागपूरचा अजब बंगला आहे, १८६३ पासूनचं संग्रहालय, तिथं जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. भाव मात्र संग्रहालयात विचारू नका.

वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची पाचची नोट, ७८६ ची नोट, "लाखांत विका" म्हणून जे फोन येतात, ते तुमच्याकडून नोंदणी फी, कमिशन, जीएसटी उकळायला. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कोणाकडून असं शुल्क घेत नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, असा सौदा असतो का बाप्पा?

शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू आहे. पंचम जॉर्जचे १९२२ पर्यंतचे रुपयेही आता त्यात आले. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तो दाखवा म्हणायला लाजू नका.

वाटणी आणि ठेवणं

वाटणी नगावर करू नका. प्रत्येकाला वीस-वीस रुपये दिले आणि एकाच्या वाट्याला १९४५ चे वीस, दुसऱ्याच्या वाट्याला १८४० चे वीस आले, की झालंच. आधी वजन आणि शुद्धतेप्रमाणे सारखे वाटे घाला, दुर्मीळ वाटणारी चार-दोन नाणी सगळ्यांच्या नावानं बाजूला ठेवा आणि त्यांचा भाव कळल्यावर पैसे वाटा. देवघरातली दोन पूजेला राहू द्या, ती विकायच्या हिशेबात धरू नका.

ठेवायला कार्डबोर्डचे चौकोनी होल्डर किंवा साधा बटर पेपर. मऊ पीव्हीसी पाकिटं वर्षभरात नाण्यावर हिरवट चिकटा सोडतात. रबरबँडमधल्या गंधकानं चांदी काळी पडते, आणि डांबरगोळ्या कपड्यांतच राहू द्या. लोखंडी पेटी वापरायचीच असेल तर आत प्लॅस्टिकचा घट्ट डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पोळ्याच्या सुमारास, पावसाळी दमट हवेत, एकदा डबा उघडून तांब्याची नाणी पाहा, आणि सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला असेल तर पुड्या बदला.